पुंजाराम तांबटाची चौथी नळी

१

तो भोंगा नव्हता. काकासाहेबांच्या कापसाच्या जिनाचा भोंगा जालन्यातल्या साऱ्या मस्तगड वस्तीच्या ओळखीचा. तो वाजला की बायका चुलीवर तवा चढवतात. त्या सकाळी मात्र जाड मांजरपाट कुणी दोन्ही हातांनी टरकावा तसा आवाज आला, आणि पाठोपाठ वाफेची एक लांबच लांब किंकाळी. मी तुळशीला पाणी घालत होते. तांब्या हातातच राहिला.

"वन्सं, काईतरी इपरीत झालं," माझी भावजय साखराबाई दारातून म्हणाली.

दुपारपर्यंत सगळं कळलं. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं ज्या वाफेवर चालतात, त्या वाफेची पितळी नळी फुटली होती. बॉयलरवरचा आगवाला भुजंग उजव्या हाताला खांद्यापर्यंत भाजला होता. आणि ज्याने ती नळी घडवली त्या पुंजाराम तांबटाच्या भट्टीवर कोतवालीचा शिपाई येऊन बसला होता.

आमच्या आळीची ती भट्टी. माझ्या लग्नातली सगळी भांडी पुंजारामकाकांच्या हातची. इतक्या वर्षांत एकालाही पोचा नाही. लढाईमुळे विलायतेहून नळ्या येणं थांबलं, तेव्हा जिन बंद पडायची पाळी आली होती. पुंजारामकाका उठून म्हणाले होते, "मी घडवतो." तांबं न् जस्त स्वतः तोलून, वितळवून, ठोकून, वाकवून त्यांनी चार नळ्या केल्या. नवरात्राच्या आधी चाचणी झाली. नळ्यांतून दिवसचे दिवस वाफ धावली, पण एक टिपूस गळला नाही. मस्तगडात पेढे वाटले. 'विलायत बंद तर बंद, आमची भट्टी चालू हाय,' असं लोक कोतवालाच्या तोंडावर म्हणू लागले.

माझे यजमान सरकारी बॉयलर तपासनीस. त्यांचं नाव मी घेत नाही, लिहितानाही नाही. तेव्हा 'हे' म्हटलं की ते समजावेत. पिंपळगावच्या रेणुकाईला माझा नवस फेडून आम्ही कोजागरीसाठी माहेरी थांबलो होतो. म्हणून तिन्हीसांजेला काकासाहेब थेट आमच्याच ओसरीवर आले. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"साहेब, तुम्ही आमच्या गावचे जावई. पण खरं असंल तेच सांगा."

"नळीला नातं कळत नाही, काकासाहेब. दाखवा."

त्यांनी फडकं सोडलं. फुटलेल्या नळीचा तुकडा. पितळ पिवळंच होतं, पण फाटलेल्या कडेवर चांदीसारखी एक पांढरी झळक होती.

काकासाहेबांनी त्या झळकीवर बोट ठेवलं. "शिसं हाय ते. पितळेत शिसं मिसळलं त्यानं. माझ्या डोळ्यांदेखत पोर म्हणून वाढलेला भुजंग भाजला, साहेब. उद्या पोलिसांचा अमीन येणार. तुम्ही 'शिसं' म्हणालात की पुंजाराम तुरुंगात."

यांनी तुकडा दिव्यापाशी नेला, बोटाने ती पांढरी कड चाचपली आणि तो फडक्यात गुंडाळून स्वतःपाशी ठेवला. कोडं सोपं असलं तर हे वस्तू लगेच परत करतात.

२

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे हे जिनात गेले, ते उन्हं चढल्यावर काजळीने माखून आले. मी पाणी दिलं आणि आतल्या खोलीत वाती वळायला बसले. लाखवातीचं व्रत घेतलंय, रोज वाती वळायच्या. हात वातींत आणि कान ओसरीवर. संसारात एवढं जमतं.

हे माझ्या भावाला समजावून सांगत होते.

"बॉयलरमधून निघणारी वाफ ओली असते. ती कोरडी व्हावी म्हणून धुराच्या वाटेत चार नळ्या टांगतात, केसांच्या आकड्यासारख्या वाकवलेल्या. आत वाफ, बाहेर जाळाचा धूर. तिथला ताप बॉयलरहूनही जास्त. धातूची खरी परीक्षा तिथं."

"आणि चारही फुटल्या?"

"एक फुटली. दुसऱ्या दोघींना बाकावर, जिथं नळी वळते तिथं, केसासारख्या चिरा आहेत. आज नाही तर उद्या त्याही गेल्या असत्या." हे थांबले. "चौथी मात्र ठणठणीत आहे. हातोडीने वाजवली तर देवळातल्या घंटेसारखी बोलली."

"मग ती एक चांगली घडली असंल."

"चारही एकाच दिवशी ओतलेल्या. एकच धातू, एकच हात, एकच जाळ. शिसं मिसळलं असेल तर चौघींत मिसळलं असेल. मग ही एक का वाचली?"

माझ्या बोटांतली वात वळायची थांबली.

"आणखी एक," हे म्हणाले. "फुटलेल्या कडेला लागून मी कानशीने घासून पाहिलं. आत निव्वळ पिवळं पितळ. शिसं मिसळलेलं असतं तर सगळीकडे फिकट दिसलं असतं. पांढरं आहे ते फक्त चिरेच्या रेघेत, आणि ते नळीच्या आतल्या अंगाकडून बाहेर आलंय. सुपारीला आतून कीड लागावी तसं."

३

राधाकिसन आडत्या न बोलावता आला. मुंबईहून यंत्रांचं सामान आणून विकायचा धंदा. अंगावर पांढरंशुभ्र धोतर, पण जोडे काजळीने काळे झालेले.

"साहेब, मी आधीच बोललो होतो. तांबट हंडा करील, घागर करील. वाफेची नळी हे त्याचं कामच न्हाई. लढाई संपेस्तोवर दम धरा म्हणलं. कुणी ऐकलं?"

"शिसं आहे असं पहिल्यांदा कोण म्हणालं?"

"मीच. दिसतंयच की."

"दिसायला चांदीही तशीच असते." यांचा आवाज मऊ होता. "खंडेनवमीच्या दिवशी तुम्ही जिनात होतात म्हणे."

राधाकिसन चपापला. "पूजेला आल्तो. सगळेच येतात. त्या दिवशी यंत्रं धुऊन पुसून पुजायची रीत हाय. भुजंगानं चारी नळ्या खाली काढून अंगणात ठिवल्या होत्या, काजळी खरवडायला. मी एक उचलून पाह्यली. बस, तेवढंच."

"का उचलली?"

तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "खरं सांगू? इतकं साफ काम विलायतेचंही न्हाई येत. मला जळफळ झाली, साहेब."

तो गेल्यावर भाऊ म्हणाला, "यानंच काहीतरी केलं. नळ्या रातभर अंगणात व्हत्या. जळफळ झाली म्हणतोय."

"जळफळणारा माणूस जळफळ कबूल करत नाही," हे म्हणाले. "पण एक कामाचं सांगून गेला. नळ्या खाली उतरल्या होत्या. नवमीच्या आधी चारही शहाण्या, नवमीनंतर तिघी वेड्या. जे झालं ते त्या अंगणात झालं."

मग आम्ही पुंजारामकाकांकडे गेलो. मीही गेले, आळीची लेक म्हणून मला कोण अडवणार? भट्टी विझलेली. शिपाई उंबऱ्यावर विडी ओढत बसलेला. काका ऐरणीवर बसले होते, जणू तो पाटच होता.

"ये, लेकी. आज तुला चहा न्हाई पाजवता येत. सरकार बसलंय दारात."

"पुंजाराम, धातूत काय काय घातलं?" यांनी विचारलं.

"तांबं न् जस्त. तिसरं काईच न्हाई."

"शिसं?"

काका उठून उभे राहिले. म्हातारा माणूस, पण उभं राहिल्यावर भट्टी लहान वाटली. "साहेब, तुरुंगाचं मला भेव न्हाई. तिथंबी भांडी असत्यालच, घडवीन. पण माझ्या मुशीत शिसं, हे मस्तगडात बोललं गेलं आन् मी ऐकून घेतलं, तर माझ्या बापानं दिलेला हातोडा मी कोणत्या हातानं धरू? नळी फुटली हे खरं. भुजंग माझ्यापायी भाजला असंल तर मला फाशी द्या. पण शिसं म्हणू नका."

"कथील घातलंत?"

"कथील?" काका हसले, कडू हसले. "जपान्यानं मलाया घेतल्यापासून कथील डोळ्यानं तरी दिसतं का? तांब्याहून म्हाग झालंय. ते नळीत कोण घालील? येडा?"

हे म्हणाले, "अमीन संध्याकाळी येणार. तोवर मला एक माणूस भेटायचा राहिलाय."

४

भुजंग जिनाच्या मागच्या खोलीत बाजेवर पडला होता. उजवा हात केळीच्या पानात गुंडाळलेला. मी कोरफड आणि थोडं तूप नेलं होतं. त्याची बायको नंदाबाई बाजेच्या पायथ्याशी बसली होती. उंच, काळीसावळी, ठसठशीत कुंकू लावलेली ही बाई जिनातल्या सगळ्या बायांची मुकादमीण. तिच्या शब्दावर सगळ्या बाया उठायच्या-बसायच्या.

"कसं आहे, भुजंग?"

"मजेत हाय, साहेब. लगीन झाल्यापासून पह्यल्यांदाच ही मला हातानं भरवून राह्यली."

"गप बसा," नंदाबाई म्हणाली, पण तिचे डोळे रडून सुजलेले होते.

"पाणी कमी पडलं होतं का बॉयलरमध्ये?"

"न्हाई. काचेत बराबर अर्ध्यावर व्हतं. मी आगीचा धंदा बापापासून करून राह्यलो. आग जास्त न्हाई, वाफ जास्त न्हाई. एकदम फाटली."

"दसऱ्यानंतर काही वेगळं जाणवलं? आवाज, वास, काहीही?"

भुजंगाने विचार केला. "वेगळं म्हणावं तर... पाणी गोड लागाया लागलं."

"कसलं पाणी?"

"सकाळी यंत्र चालू व्हायच्या आधी नळ्यांत रातीचं पाणी साचतं. खालच्या तोटीतून ते गरम गरम निघतं. बाया त्याचाच चहा करत्यात. आधी पितळेची चव यायची, कळकल्यासारखं. नवमीला नळ्या उतरवून मी गावाला, आंतरवाली सराटीला गेल्तो; दसऱ्यानंतर आलो, तर पाणी झकास. म्हणलं, दसऱ्याला सोनं लुटलं ते पाण्यात पडलं जणू."

तो हसला. नंदाबाई हसली नाही. तिने पदर सावरला आणि ती पाण्याला म्हणून उठून बाहेर गेली, घागर भरलेली असतानाही.

घरी आल्यावर यांनी खिशातून कागदाची एक पुडी काढली. तिच्यात एक पांढरा, चपटा थेंब होता, वाटाण्याएवढा.

"फुटलेल्या नळीच्या खालच्या बाकात हा थिजून बसला होता. ये, कान जवळ आण."

यांनी तो थेंब दोन चिमट्यांत धरून माझ्या कानाशी वाकवला. आतून बारीक करकर आली. वाळलेली शेंग मोडावी तशी.

"ऐकलंस? शिसं मुकं असतं, कितीही वाकव. वाकवलं की बोलतं ते कथील." त्यांनी थेंब खाली ठेवला. "म्हणजे शिसं नव्हे, कथील. पण त्याने गाठ आणखीच घट्ट झाली. पुंजाराम म्हणतो घातलं नाही, आणि खरंच बोलतोय. चोरी करणारा स्वस्त धातू मिसळतो, महागडा नाही. जो धातू बाजारात दिसत नाही, तो नळीच्या आत आला कुठून?"

तेवढ्यात साखरावहिनी स्वयंपाकघरातून करवादल्या, "आज आंबट वरण न्हाई मिळायचं कुणाला! सगळी पितळी भांडी कलईवाचून उघडी पडलीत. त्यो मेला कलईवाला दसऱ्याला आला न् म्हणे, कथील खतम."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

५

चाँदमियाँ कलईवाला कुंडलिका नदीच्या काठावर भाता घेऊन बसलेला सापडला. म्हातारा, दाढीला मेंदी. मी साखरावहिनीचं पातेलं पुढे केलं.

"बेटी, कथील नै मेरे पास. नवमी को आखरी टुकडा गया."

"कुणाकडे गेलं, चाचा?" मी विचारलं. हे मागे उभे होते, मुद्दामच गप्प.

"जिन के आँगन में. पीतल के पाइप थे ना बड़े बड़े? अंदर से कलई मारी. नवसागर डाला, कथील पिघला के इधर से उधर घुमाया. बढ़िया काम हुआ. तीन किया, चौथे को माल नै बचा. मैं बोला, खतम सो खतम."

मी मागे वळून यांच्याकडे पाहिलं. चौथी नळी.

"सांगितलं कुणी?" यांनी पुढे होऊन विचारलं.

चाँदमियाँने यांच्या सरकारी टोपीकडे पाहिलं आणि भात्यावरचा हात काढला. "कुछ गुनाह हुआ क्या, साब? बाई बोली लगाव, मैं लगाया. बाया लोगां सब मिलके मेरे को जवारी दिए."

"कोण बाई?"

"वोच मुकादमीन. नंदाबाई."

भुजंगची बायको. जिचा नवरा बाजेवर पडला होता, तीच.

वाटेत मी यांना म्हटलं, "तिने वाईटासाठी केलं नसणार. पितळेचं भांडं कलईवाचून वापरलं की आतलं कळकतं, माणूस ओकतो, हे प्रत्येक बाईला आईने शिकवलेलं असतं. पाणी कळकत होतं. तिने भांड्याला करतात ते नळीला केलं."

"तेच," हे म्हणाले. "पण मला एक सांग. कलई केलेलं पातेलं रिकामं चुलीवर राहिलं तर काय होतं?"

"कलई उतरते. वितळून गोळा होते. सगळ्यांना ठाऊक आहे."

"आणि आत पाणी असलं तर?"

"मग काही होत नाही."

हे थबकले. यांचा चेहरा असा उजळला की मला माझ्या रेणुकाईची आठवण झाली. "पाणी असलं की पितळ पाण्याइतकंच तापतं. पण धुराच्या वाटेत त्या नळ्यांत पाणी नसतं, कोरडी वाफ असते. म्हणजे तिथं नळी हे रिकामं पातेलंच. तुझ्या या एका उत्तराने अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं पुंजारामने करू दिलं तर."

६

अमीनसाहेब आले तेव्हा भट्टीसमोर सारं मस्तगड जमलं होतं. काकासाहेब, राधाकिसन, हात गळ्यात बांधून भुजंग. मागे जिनातल्या बाया, पण त्यांत नंदाबाई दिसत नव्हती.

यांनी चौथी नळी ऐरणीवर ठेवली. "पुंजाराम, ही तुमची एकच साक्षीदार उरली आहे. मला तिचे तुकडे हवेत. कापली तर ती पुन्हा नळी होणार नाही. आणि मी चुकलो, तर तुमच्या हातात दाखवायलाही काही उरणार नाही."

काकांनी नळीवरून एकदा हात फिरवला. वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"कापा. खोटी असंल तर राहून तरी काय करती?"

त्यांनी स्वतःच करवत धरली. काप सोन्यासारखा निघाला, काठापासून काठापर्यंत पिवळाधमक. "दाखवा कुठं शिसं!" गर्दीतून कुणी ओरडलं. हे म्हणाले, "घाई नको."

बांगडीसारख्या दोन वळ्या कापल्या. फुटलेल्या नळीतलंच कथील खरवडून चाँदमियाँने एका वळीला आतून कलई केली. दुसरी उघडीच. मग दोन्ही वळ्या एकेका बाजूने चिरून यांनी त्या चिरांत पोलादी पाचरी ठोकल्या, वळ्या ताणून बसतील इतक्या.

"वाफ नळीला आतून अशीच ताणते," हे म्हणाले. "आता पुंजाराम, भट्टी पेटवा. धुराच्या वाटेत जितका ताप असतो तितकाच द्या. भुजंग, तू सांग किती."

भुजंग डाव्या हाताने खूण करत राहिला. "अजून... अजून... बस! एवढाच असतो."

उघडी वळी निखाऱ्यांवर पडून राहिली, तांबूस झाली, काहीच झालं नाही. कलईच्या वळीत आधी कथील पाण्यासारखं चमकलं. मग, कुणी हात लावला नव्हता की हातोडी मारली नव्हती, *टच्*. वळी पाचरीच्या समोरच्या अंगाला चिरली. राधाकिसन मागे सरला.

यांनी ती चिमट्याने उचलून अमीनसाहेबांपुढे धरली. चिरेच्या कडेवर तीच चांदीसारखी झळक.

"हेच ते शिसं," हे म्हणाले. "पितळेचे बारीक दाणे एकमेकांचे हात धरून उभे असतात. नुसतं तापलं तर हात सुटत नाहीत. नुसतं ताणलं तरी सुटत नाहीत. पण ताणलेलं असताना वितळलेलं कथील भिडलं, तर ते दाण्यांच्या मधून वाट काढतं आणि धरलेले हात सोडवतं. नळी जिथं वळते तिथं ताण जास्त, म्हणून चिरा बाकावर. तिघींच्या पोटात कथील होतं, तिघी चिरल्या. चौथीला ते पोचलं नाही, ती वाचली. धातू निर्दोष, हात निर्दोष. हे मी सरकारात सही करून सांगीन."

गर्दीतून आवाज उठला, पण अमीनसाहेबांनी हात वर केला. "मग कथील घातलं कोणी?"

"म्यां."

बाया बाजूला झाल्या. नंदाबाई पुढे आली. पदर डोक्यावर, मान ताठ.

"म्यां घातलं, अमीनसाहेब. बाया पाणी पिऊन वांत्या करून राह्यल्या व्हत्या. काकासाहेबांना कोण सांगणार चहाच्या पाण्याचं? म्हणून आमी आमची जवारी दिली. चांगलं व्हावं म्हणून दिली." तिचा आवाज इथवर सरळ होता. मग ती यांच्याकडे वळली. "साहेब, एवढंच सांगा. माझ्या मालकाचा हात मीच भाजला का?"

हे खोटं बोलत नाहीत, आणि मला ते त्या क्षणी फार कठीण वाटलं.

"होय, नंदाबाई," हे म्हणाले. "नकळत. ज्या तापाला तुमचं शास्त्र लागू पडत नाही, तिथं तुम्ही ते लावलंत. पातेल्याचं शास्त्र मात्र खरंच आहे. आणि ते तुम्ही तिथं का लावलंत, त्याचा जाब काकासाहेबांनी द्यावा. बायांना पाण्याची तोटी दिली असती तर त्या वाफेच्या नळीपाशी गेल्याच नसत्या."

काकासाहेबांनी पागोटं काढून हातात घेतलं. भुजंग पुढे झाला आणि बायकोला म्हणाला, "रडू नको. कलई माझ्या हातावर केली अस्ती तर आज चमकला अस्ता."

ती हसली, रडली, आणि त्याला सगळ्यांसमोर डाव्या दंडावर चापट मारली. अमीनसाहेबही हसले. शिपाई उंबऱ्यावरून उठला.

पण पुंजारामकाका हसले नव्हते. ते नंदाबाईसमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता शब्दांचा मार. काका म्हणाले, "बाई, बायकांचं पाणी कळकतंय हे तांबटाला कुणी सांगितलं न्हाई, ह्यो माझा अपमान. चहाला बंब लागतो, नळी न्हाई. मी घडवतो. त्याला आतून कलई कर, पायजे तितकी."

मग त्यांनी नव्या नळ्यांसाठी मूस चढवली. आम्ही कोजागरीनंतरही थांबलो. माझ्या व्रताला जागा बदललेली चालते. नळ्या तयार झाल्या तेव्हा काकासाहेब स्वतः आले. भांड्यावर घालतात तसं ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरायची त्यांची इच्छा होती.

"माझं घाल, पुंजाराम. माल माझा."

काकांनी छिन्नी उचलली. "हांड्यावर मालकाचं नाव घालतेत. नळीवर त्याचं नाव, ज्याला फुटल्यावर जाब द्यावा लागतो." आणि त्यांनी पहिल्या नळीवर टिकटिक करत कोरलं: *पुंजाराम, जालना.* साऱ्या आयुष्यात स्वतःच्या कामावर त्यांनी स्वतःचं नाव घातलं ते हे पहिल्यांदा.

यंत्र सुरू व्हायचं होतं त्या सकाळी सगळे अंगणात मागे उभे होते. काका एकटे धुराच्या वाटेपाशी गेले आणि नळ्यांकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभे राहिले. राधाकिसन म्हणाला, "पुंजाराम, जरा बाजूला व्हय की."

"का? माझीच लेकरं हायेत. त्यांच्याकडं तोंड करून उभं राह्यलो तर लोक म्हणतील, इस्वास न्हाई."

वाफ नळ्यांत शिरली. एकही टिपूस गळला नाही.

मी घरी धावतच आले. तुळशीला पाणी घालायचं राहिलं होतं. तांब्या उचलला, आणि तेवढ्यात भोंगा वाजला. भुजंगाने डाव्या हाताने ओढलेला, म्हणून जरा वाकडा, पण आमचाच. साखरावहिनींनी तवा चढवला.